क्षारपडीचा नकाशा: पांढरं दिसतं तेवढंच खराब नसतं

एप्रिल-मे महिन्यातलं उपग्रह छायाचित्र उघडून शिरोळ, मिरज, पलूस किंवा वाळवा तालुक्यावर नेलं, की कृष्णा-वारणेच्या काठच्या हिरव्या उसात पांढरट डाग दिसतात. त्या डागांभोवती रेघ ओढायची, क्षेत्रफळ काढायचं, आत लाल रंग भरायचा आणि सूचीत 'क्षारपड' लिहायचं, की नकाशा तयार, असा बऱ्याच ठिकाणी समज आहे. असा नकाशा सादरीकरणात छान दिसतो. पण कोणत्या गटात जिप्सम किती टाकायचं, सच्छिद्र पाइप कुठे पुरायचे आणि कुठे नुसतं पाणी आवरलं तरी भागेल, यातलं एकही उत्तर तो देत नाही. त्यात वेगवेगळ्या दुखण्यांना एकच रंग दिलेला असतो, आणि सगळ्यात चिवट दुखणं तर बहुतेक वेळा पांढरं दिसतच नाही.

उसाच्या बागायत पट्ट्यातलं साधारण ८०० हेक्टरचं एक गाव समोर धरून, कामाला येईल असा नकाशा कसा करायचा ते इथे लिहिलं आहे.

मीठ येतं कुठून

नदीचं पाणी गोड, मग रानात मीठ कसं फुटलं, हा प्रश्न हमखास येतो. हिशेब सोपा आहे. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, ०.५ डेसिसायमन प्रति मीटर धरू. हे चांगलं पाणी झालं. तरी त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला पाटाने वर्षाकाठी २,००० मिलिमीटर पाणी दिलं तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतं, आणि त्याबरोबर ६.४ टन क्षार रानात येतात. दरवर्षी. ऊस पाणी उचलतो आणि क्षारांचा मोठा भाग मातीत ठेवतो. निचरा असेल तर पावसाळ्यात ते खाली धुऊन जातात. भारी काळ्या रानात, जिथे निम्म्याहून जास्त चिकणमाती असते, तिथे पाणी खाली सरकत नाही. मग भूजल वर येतं, आणि ते जमिनीखाली दीड मीटरच्या आत आलं की उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर चढतं, उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर सोडतं.

हे नवीन नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत खोऱ्यातल्या जमिनी इतक्या बिघडल्या की हॅरल्ड मान आणि ताम्हाणे यांनी त्यांची पाहणी करून १९१० साली अहवाल काढला. कालवा, भारी जमीन, ऊस आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष हा जोड तेव्हापासून तसाच आहे. फरक इतकाच, की आता कालव्याच्या जोडीला उपसा योजना आल्या आणि पाणी चढावरही पोचलं. त्यामुळे वरच्या रानात दिलेलं पाणी खालच्या रानात फुटतं, हे नकाशा वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं. ज्याचं रान खराब झालं तोच पाण्याचा दोषी असेल, असं अजिबात नाही.

तीन दुखणी, तीन उपचार

पहिलं क्षारयुक्त रान. संपृक्त अर्काची, म्हणजे पाणी घालून केलेल्या मातीच्या लगद्यातून गाळून घेतलेल्या पाण्याची, ईसी ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत, मातीच्या कणांना चिकटलेल्या म्हणजे विनिमययोग्य सोडियमचं टक्केवारीतलं प्रमाण, ईएसपी, १५ च्या आत. इथे पांढरा थर दिसतो, पण माती भुसभुशीत असते, कधी कधी चांगल्या रानापेक्षाही मऊ लागते. उपाय म्हणजे निचरा करून क्षार धुऊन काढणं. जिप्समची गरज नाही.

दुसरं चोपण. ईसी ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर, ईएसपी १५ च्या वर. ओलं असताना लोण्यासारखं चिकट, वाळलं की दगड. वाफसा येतच नाही. आज चिखल, चार दिवसांनी ढेकूळ. मीठ नसल्यामुळे पांढरं दिसत नाही, उलट सेंद्रिय पदार्थ विरघळून वर आल्याने कधी काळपट, तेलकट दिसतं. इथे सोडियमला हुसकून त्याच्या जागी कॅल्शियम आणावं लागतं, म्हणून जिप्सम.

तिसरं क्षारयुक्त-चोपण, म्हणजे ईसीही ४ च्या वर आणि ईएसपीही १५ च्या वर. हे फसवं असतं. क्षार भरपूर असेपर्यंत मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि रान ठीक वाटतं. कुणी हौसेने गोडं पाणी साठवून नुसतं धुवायला घेतलं, की क्षार आधी जातात, सोडियम मागे राहतो, कण विस्कटतात आणि छिद्रं बुजतात. त्यानंतर पाणी मुरतच नाही. आधी जिप्सम, मग धुणं, असा क्रम इथे मोडून चालत नाही.

एकच रंगाचा नकाशा घेऊन सगळ्यांना सरसकट जिप्सम वाटलं तर क्षारयुक्त रानात ते वाया जातं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि हा प्रश्न किरकोळ नाही: कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या आकडेवारीत महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित धरली आहे आणि तिच्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग चोपण गटात मोडतो. म्हणजे पांढऱ्या डागांच्या मागे लागलेला नकाशा मोठ्या हिश्श्याला चुकवणार हे उघड आहे.

ईएसपी १५ ही पुस्तकातली सीमा आपल्या काळ्या जमिनींना सैल पडते. पूर्णा खोऱ्यातल्या, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या जमिनींवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ईएसपी ५ च्या पुढे गेल्याबरोबरच पाणी मुरण्याचा वेग पार घसरतो. म्हणून भारी काळ्या रानात ५ ते १५ हा स्वतंत्र वर्ग ठेवावा. तो 'चांगली जमीन' मध्ये ढकलू नये.

उपग्रहाकडून काय घ्यायचं

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं फुकट मिळतात, १० मीटरचा पिक्सेल, दर पाच दिवसांनी फेरी. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसं हाती लागत नाही. उघड्या रानाचा पांढरेपणा पाहायला मार्च अखेर ते वळवाच्या आधीपर्यंतची छायाचित्रं घ्यावीत. वळवाची एक चांगली सर पडली की थर विरघळून खाली जातो आणि डाग गायब होतात.

पांढऱ्याची गफलत कशाकशाशी होते ते आधी माहीत हवं. तुटलेल्या उसाचं पाचट पसरलेलं रान हा सगळ्यात मोठा चकवा. ते क्षारासारखंच उजळ दिसतं. मुरमाचे रस्ते, वीटभट्ट्यांचं आवार, नदीतली वाळू, शेडनेटची छपरं हेही. उलट बाजूने, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त असेल तर क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि रान पांढरं न दिसता सकाळी ओलं, काळसर दिसतं. पाचट ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एका हंगामातल्या चार-पाच तारखा एकाखाली एक लावणं. पाचटाचा उजळपणा ऊसतोडीच्या तारखेला एकदम येतो आणि खोडवा फुटला की महिन्या-दोन महिन्यांत जातो. क्षाराचा डाग त्याच जागी दरवर्षी येतो आणि त्याच्या कडा बांधाच्या सरळ रेषेत नसतात.

निर्देशांकांबद्दल एक सावधगिरी. क्षारता निर्देशांक म्हणून बरेच जण लाल उणे अवरक्त भागिले लाल अधिक अवरक्त हे सूत्र वापरतात. नीट पाहिलं तर ते एनडीव्हीआयचंच, म्हणजे पिकाचा हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकाचंच, चिन्ह बदललेलं रूप आहे. दोन्ही थर एकाच मॉडेलमध्ये घालून 'दोन पुरावे जुळले' म्हणणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करणं. निळ्या आणि लाल पट्ट्याच्या गुणाकाराचं वर्गमूळ हा उजळपणाचा निर्देशांक निदान वेगळी माहिती देतो, पण फक्त उघड्या रानात.

या पट्ट्यात उघडं रानच कमी. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. वर्षभर कुठे ना कुठे ऊस उभाच. म्हणून मला पिकाच्या वाढीतला विस्कळीतपणा पांढरेपणापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. करायचं असं: गेल्या तीन वर्षांतल्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ढगविरहित तारखा घ्या, प्रत्येक गटातल्या पिकाची तुलना दुसऱ्या गटाशी न करता त्याच गटातल्या सर्वोत्तम भागाशी करा. वाण, लागणीची तारीख, खत हे सगळं गटात बहुधा सारखं असतं, म्हणून उरलेला फरक मातीचा किंवा पाण्याचा असण्याची शक्यता वाढते. सर्वोत्तम भागाच्या ७५ टक्क्यांखाली जिथे तीनही वर्षं पीक अडकलं, ती जागा संशयित. ७५ हा आकडा सुरुवातीचा, गिरमिटाच्या, म्हणजे मातीत भोक पाडून नमुना काढायच्या अवजाराच्या, नोंदी आल्यावर बदलायचा. दाट उसात एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो, फरक दाखवत नाही. तिथे लाल आणि अवरक्त यांच्या मधला रेड-एज पट्टा वापरावा, तो २० मीटरचा असला तरी.

दीर्घकालीन कल दाखवणारे जागतिक निर्देशांक बागायत भागात उलटं सांगतात. जिरायत रानाला पाणी मिळालं की पंधरा-वीस वर्षांचा कल हिरवा, 'सुधारणा' म्हणून दिसतो, आणि त्याच काळात खाली पाणी वर चढत असतं. गावपातळीवर ते थर बाजूला ठेवलेले बरे.

आणखी एक अडचण आपल्या वाटण्यांची. एकराचं रान म्हणजे सुमारे ४० पिक्सेल, ऐकायला पुरेसं. पण पंधरा मीटर रुंद आणि अडीचशे-पावणेतीनशे मीटर लांब पट्टी असेल तर जवळपास प्रत्येक पिक्सेलमध्ये शेजारच्याचं रान मिसळलेलं असतं. अशा ठिकाणी गटनिहाय टक्केवारी छापू नये. दोन भावांत भांडण लावण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. गाव नकाशा भूसंदर्भित करतानाही बांध हे खुणेचे बिंदू म्हणून घेऊ नयेत, ते सरकलेले असतात. शिवेचे दगड, ओढ्यांचे संगम, जुन्या विहिरी घ्याव्यात.

गिरमिट लावल्याशिवाय गत्यंतर नाही

८०० हेक्टरला साधारण ६० जागा पुरतात, पण त्या कुठे हे महत्त्वाचं. सगळ्या खराब डागांत घेतल्या तर नकाशाची कड कुठे ते कळत नाही. २० संशयित भागात, २० कडेच्या पट्ट्यात, २० चांगल्या वाटणाऱ्या रानात. ओढ्याला आडवी, चढापासून उतारापर्यंत एक तरी ओळ यावी, कारण क्षार आणि पाणी त्या दिशेने बदलतात. पाणी देऊन आठवडा झालेला असावा आणि खताची मात्रा नुकतीच दिलेली नसावी.

प्रत्येक जागी पाच थर: ०-१५, १५-३०, ३०-६०, ६०-९० आणि ९०-१२० सेंटिमीटर. पृष्ठभागावर थर फुटला असेल तर वरचे दोन सेंटिमीटर खरवडून वेगळ्या पिशवीत, नाहीतर तो पहिल्या नमुन्यात मिसळून आकडा फुगवतो. नमुना अर्धा किलो. खताच्या रिकाम्या पोत्यात माती कधीही भरू नये. युरियाचे चार दाणे ईसी बिघडवायला पुरतात. गिरमिट पाण्याने धुऊ नका, कापडाने पुसा. माती सावलीत वाळवा, लाकडी हातोडीने फोडा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा.

खड्डा घेताना डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी त्याच वेळी लिहायच्या. गंजासारखे तांबूस ठिपके कुठल्या खोलीपासून सुरू झाले? तिथपर्यंत पाणी वर्षातला काही काळ येऊन जातं. हिरवट-करडा रंग आला तर तिथे पाणी जवळजवळ कायमचं आहे. चुनखडीचे खडे किती, मुरूम किती खोलीवर लागला, गिरमिटाला माती कशी चिकटते. मुरूम ९० सेंटिमीटरवर लागला तर निचऱ्याचा पाइप किती खोल जाईल याचं गणितच बदलतं, म्हणून ही नोंद प्रयोगशाळेच्या आकड्याइतकीच मोलाची.

६० जागा गुणिले ५ थर म्हणजे ३०० नमुने. सगळे प्रयोगशाळेत पाठवणं परवडत नाही. सगळ्यांची ईसी आणि सामू गावातच मोजावा: २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर शुद्ध पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, मग मीटर. मीटर रोज सकाळी १.४१३ डेसिसायमनच्या द्रावणाने आणि ७ व ९.२ सामूच्या द्रावणांनी तपासून घ्यायचा. तापमान दुरुस्ती चालू आहे ना ते पाहायचं, कारण एका अंशाला ईसी साधारण २ टक्क्यांनी बदलते आणि मे महिन्यात पाणी ३८-४० अंशांवर असतं. माती तासाभराने खाली बसून वरचं पाणी नितळ झालं नाही, गढूळच राहिलं, तर चोपणाची शंका तिथेच नोंदवावी. मग दर पाच नमुन्यांतला एक संपृक्त अर्क, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि धन आयन विनिमय क्षमता (मातीचे कण सोडियम, कॅल्शियमसारखे आयन किती धरून ठेवू शकतात) यांसाठी प्रयोगशाळेत.

इथे सर्रास एक गोंधळ होतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवरची ईसी एकास अडीच प्रमाणातल्या द्रावणाची असते आणि ४ ही सीमा संपृक्त अर्काची आहे. १.४ आकडा पाहून '४ च्या आत आहे, काळजी नाही' म्हणणारे कमी नाहीत. भारी काळ्या मातीला लगदा व्हायला तिच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं, एकास अडीचमध्ये २५० टक्के पाणी असतं. म्हणजे द्रावण तिपटीने पातळ. १.४ चे संपृक्त अर्कात ४ च्या वर जातात. पण तीन हा गुणक डोळे झाकून वापरू नये; मातीत नैसर्गिक जिप्सम असेल तर पातळ द्रावणात ते जास्त विरघळतं आणि गुणक कमी होतो. आपल्याच गावातले पंधरा नमुने दोन्ही पद्धतींनी मोजून गुणक काढावा.

पाच थरांचे आकडे एकाखाली एक मांडले की खरी गोष्ट कळते. वर जास्त आणि खाली कमी होत गेले तर भूजल वर येऊन मीठ सोडतंय. निचऱ्याशिवाय कितीही धुतलं तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. वर कमी आणि खाली वाढत गेले तर क्षार खाली जात आहेत, रान सावरतंय किंवा ते मुळातलेच खोल थरातले आहेत. मधेच ३०-६० मध्ये फुगवटा असेल तर पावसाने ढकलले, पण बाहेर काढले नाहीत. म्हणून ०-१५ चा एकच नमुना घेऊन केलेला नकाशा त्या महिन्याचा नकाशा असतो. एप्रिलमध्ये लाल, ऑक्टोबरमध्ये हिरवा.

चोपणाची खात्री करायला एक स्वस्त चाचणी आहे आणि ती प्रत्येक जागी करावी. वाळलेलं, वाटाण्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या शुद्ध पाण्यात अलगद सोडायचं, हलवायचं नाही. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. ढेकूळ फुटून तुकडे झाले पण पाणी नितळ राहिलं, तर ते नुसतं पाण्याने फुटणं. घाबरायचं कारण नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय आलं, ते तळाशी पसरलं, तर सोडियमने कण सुटे केले. दोन तासांतच पेला गढूळ झाला तर दुखणं जुनं आहे. पाणी पावसाचं किंवा शुद्ध केलेलं हवं. विहिरीच्या पाण्यातले क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात आणि चोपण रानाचं ढेकूळही शहाण्यासारखं बसून राहतं. क्षारयुक्त-चोपण मातीत तिच्या स्वतःच्याच क्षारांमुळे तसं होऊ शकतं; शंका आली तर तीच माती शुद्ध पाण्याने दोनदा धुऊन, वाळवून चाचणी पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी वलय आलं तर हे रान नुसतं धुवायला घ्यायचं नाही, एवढा निर्णय तिथेच होतो.

पाण्याची पातळी मोजायला ५० किंवा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ३ मीटर लांब, खालच्या दीड मीटरला ३-४ मिलिमीटरची भोकं, त्यावर नायलॉनची जाळी, भोवती जाड वाळू, वरचे ३० सेंटिमीटर चिकणमातीने ठासून बंद, तोंडाला टोपण. वरची माती नीट ठासली नाही तर पाटाचं पाणी पाइपच्या कडेने आत उतरतं आणि भूजल वर आल्याचा खोटा आकडा मिळतो. गावाला दहा-बारा नळ्या, दर पंधरा दिवसांनी नोंद. काळ्या रानात पाइप बसवल्या दिवशीची पातळी लिहू नये, पाणी स्थिर व्हायला दोन दिवसही लागतात. २ मीटरच्या आत पाणी म्हणजे पाणथळ, २ ते ३ धोक्याच्या उंबरठ्यावर, ही १९९१ पासूनची केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाच्या कार्यगटाची वर्गवारी आहे. नकाशात या पातळ्यांच्या रेषा मातीच्या वर्गांवर टाकल्या की पुढच्या पाच वर्षांत कोणाचं रान जाणार हे बऱ्यापैकी दिसतं.

रेषा कुठे ओढायची

६० बिंदू संगणकात टाकून सरासरीने मधली जागा भरून घेतली की प्रत्येक बिंदूभोवती गोल वर्तुळं असलेला नकाशा मिळतो. माती अशी गोल खराब होत नाही. आणि संगणकाला मधे ओढा आहे, कालवा आहे, हे ठाऊक नसतं. ओढ्याच्या अलीकडचं मीठ तो पलीकडे पसरवतो. क्रिगिंगसाठी, म्हणजे अंतरानुसार बदलणाऱ्या फरकावरून मधली जागा भरायच्या सांख्यिकी पद्धतीसाठी, बिंदूंमधल्या अंतराचा आणि फरकाचा नीट आलेख लागतो, तो ६० बिंदूंत जेमतेम निघतो. इतक्या कमी बिंदूंवर उपग्रहाचे विभाग, उतार, ओढे आणि गिरमिटाच्या नोंदी समोर ठेवून हाताने ओढलेल्या कडा मला जास्त खऱ्या वाटतात. बिंदू दीडशेच्या पुढे असतील तर रँडम फॉरेस्टसारखी संगणकाला नोंदींवरून शिकवायची पद्धत जरूर वापरावी.

नकाशा तपासायला १२ ते १५ बिंदू आधीच चिठ्ठ्या टाकून बाजूला काढावेत, ते नकाशा करताना उघडायचे नाहीत. अचूकता मोजताना एकूण टक्केवारीने फसू नये. गावाचं ८० टक्के रान चांगलं असेल तर सगळंच हिरवं रंगवलेला नकाशाही ८० टक्के अचूक निघतो! चोपण बिंदूंपैकी किती चोपण म्हणून सापडले, हा आकडा वेगळा सांगितला पाहिजे.

वर्गांच्या सीमा पिकाच्या नुकसानीशी जोडाव्यात. उसाचं उत्पन्न संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या पुढे गेली की प्रत्येक एककाला ५.९ टक्क्यांनी घटतं, असं प्रचलित कोष्टक सांगतं. ईसी ४ ला म्हणजे पुस्तकातली 'क्षारयुक्त' पाटी लागण्याच्या क्षणी १४ टक्के ऊस आधीच गेलेला असतो; ८ ला ३७ टक्के. द्राक्षाची सीमा १.५ आणि घट ९.६ टक्के, गव्हाची सीमा ६. म्हणून २ ते ४ हा वर्ग मी नकाशात ठळक दाखवतो. तिथे खर्च सगळ्यात कमी आहे: पाटाऐवजी ठिबक, बांधाकडेचा चर मोकळा करणं, वरच्या रानातला पाझर अडवणं. शेतकरीही त्याच पट्ट्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतो, कारण रान अजून पांढरं पडलेलं नसतं.

सूचीत 'तीव्र, मध्यम, सौम्य' लिहिण्यापेक्षा काय करायचं ते लिहावं: पाणी कमी करा, उघडा चर, भूमिगत निचरा, जिप्सम आणि निचरा, ऊस सोडून दुसरं पीक.

भूमिगत निचऱ्याचा वर्ग रंगवण्याआधी ओढ्याच्या तळाची उंची मोजलीच पाहिजे. काळ्या रानात पाइप साधारण १ ते १.२ मीटर खोल आणि २० ते ३० मीटर अंतरावर टाकतात, उतार १०० मीटरला १० ते २० सेंटिमीटर. मुख्य पाइप ५०० मीटर गेला तर त्याचं तोंड आणखी अर्धा ते एक मीटर खाली जातं. ओढ्याचा तळ त्याहून वर असेल, अतिक्रमणाने किंवा गाळाने भरला असेल, तर पाणी बाहेर पडणार नाही, उलट पुराच्या वेळी ओढ्याचं पाणी पाइपमधून रानात येईल. उपग्रहाच्या ३० मीटर उंची-नकाशातली चूक काही मीटरची असते. त्याच्यावर सेंटिमीटरचा उतार ठरवता येत नाही. सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने (लेव्हल) पातळ्या घ्याव्यात. निचरा योजना फसतात त्या बहुतेक याच तोंडापाशी, आणि तो भाग एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसतो. म्हणून नकाशात गटाच्या सीमेबरोबर ओढ्याची पाणलोट सीमाही हवी.

जिप्समचा हिशेब नकाशातूनच निघतो. समजा धन आयन विनिमय क्षमता ५० सेंटिमोल प्रति किलो, ईएसपी १८, ती ८ वर आणायची. १० टक्के म्हणजे ५ सेंटिमोल सोडियम काढायचा. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी २० लाख किलो धरलं तर एका सेंटिमोलला १.७२ टन शुद्ध जिप्सम लागतं, म्हणजे एकूण ८.६ टन. बाजारातलं जिप्सम ७५ टक्के शुद्ध असेल तर साडेअकरा टन, एकरी ४.६ टन. एकाच वर्षी झेपत नसेल तर अर्धं-अर्धं करून, पण वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळून. खोल नांगरून गाडलं तर पातळ होऊन काम करत नाही. गंधकही चालतं, कारण आपल्या काळ्या मातीत चुनखडी असतेच आणि गंधकाच्या आम्लाने ती विरघळते. १ टन गंधक साधारण ५.४ टन जिप्समइतकं. मात्र ते जिवाणूंच्या भरवशावर असल्याने त्याला वेळ लागतो आणि पाणी साठलेल्या रानात ते बसून राहतं.

काम झाल्यावर रान सुधारलं का, हे पाहायला तीन वर्षांनी तेच बिंदू, तोच महिना, त्याच खोल्या घ्याव्यात. एप्रिलची तुलना नोव्हेंबरशी केली तर सगळीच रानं सुधारलेली दिसतील. मधल्या काळात निचऱ्याच्या तोंडाशी महिन्यातून एकदा बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजावा, ईसी मोजावी. दोघांच्या गुणाकारातून महिन्याला किती किलो मीठ बाहेर गेलं ते कळतं. पाणी वाहतंय पण ईसी पाटाच्या पाण्याइतकीच असेल, तर पाइप मातीतलं मीठ धूत नाही. बहुधा भेगांतून किंवा पाइपवर नीट न भरलेल्या चरातून सिंचनाचं पाणी सरळ निघून जातंय, आणि तो चर पुन्हा ठासून भरावा लागतो.